आच वाढवली की आयसोब्यूटेन कमी का होतो? (आणि मग रिफायनरीवाले थंडच का नाही करत?)

गोधडी (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी, घरात भांडण झालंय, निवाडा करा.

लेक अकरावीत आहे. क्लासच्या सरावपत्रिकेत प्रश्न होता: एन-ब्यूटेन ⇌ आयसोब्यूटेन, पुढची दिशा ऊष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी). तापमान वाढवलं तर आयसोब्यूटेनचं प्रमाण वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? तिने "कमी होईल" वर खूण केली. मी भाजी परतता परतता म्हटलं, अगं, आच वाढवली की रिअ‍ॅक्शन जोरात होते, कमी कसं होईल? डाळ गार पाण्यात शिजते का?

उत्तरसूचीत तिचंच बरोबर निघालं. कारण दिलेलं: ल शातेलिएचं तत्त्व, म्हणजे समतोलाला धक्का दिला की तो धक्का कमी होईल त्या दिशेला सरकतो. तिने ते घडाघडा म्हणून दाखवलं. म्हटलं बरं, पण मग रिफायनरीत हेच काम दीडशे अंशाला करतात असं त्याच पानाच्या तळाला छापलंय. कमी तापमान चांगलं तर सरळ फ्रिजमध्ये का नाही करत? तिथे ती गप्प. मी बी.कॉम., त्यामुळे मीही गप्प.

कोणी माणसांच्या भाषेत सांगेल का?

---

अर्धवटराव | मंगळवार, रात्री १०:५१

खुर्ची टाकली आहे. शेंगदाणे आणतो.

---

परीक्षानळी | मंगळवार, रात्री ११:३०

ताई, वीस वर्षं हाच धडा शिकवतोय आणि दर वर्षी निम्मा वर्ग तुमच्याच डाळीत अडकतो. तेव्हा डाळीपासूनच सुरू करतो.

डाळ शिजली की परत कच्ची होत नाही. वाट एकाच दिशेची आहे, म्हणून तिथे प्रश्न एवढाच उरतो की किती वेळात. ब्यूटेनचं तसं नाही. एन-ब्यूटेनचा आयसो होतो, त्याच वेळी आयसोचा परत एन-ब्यूटेन होत असतो. दोन्हीकडची ये-जा सारख्या वेगाने होऊ लागली की प्रमाण स्थिर दिसतं. हाच समतोल. आच वाढवलीत की दोन्ही दिशांचा वेग वाढतो, पण सारखा वाढत नाही. ऊष्मादायी अभिक्रियेत परतीचा वेग जास्त पटीने वाढतो. म्हणजे तुम्ही "जोरात होते" म्हणालात ते खरं, आणि लेक "आयसो कमी होईल" म्हणाली तेही खरं. पोचायला किती वेळ आणि पोचणार कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तापमान दोन्हींत हात घालतं.

"ल शातेलिए म्हणतो म्हणून" हे मात्र मला कारण वाटत नाही. तो दिशा सांगतो, किती ते सांगत नाही. किती ते व्हांट हॉफच्या समीकरणातून निघतं. दोघांचंही हे काम १८८४ सालचं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये व्हांट हॉफला मिळालं, पण परीक्षेत पाठ होतो ल शातेलिएच.

आता आकडे. वायुरूपात आयसोब्यूटेन एन-ब्यूटेनपेक्षा ऊर्जेने मोलमागे साधारण ८.५ किलोज्यूल खाली आहे. पण त्याची एंट्रोपीही कमी आहे, मोलमागे दर केल्विनला साधारण १५.५ ज्यूल. या दोन आकड्यांची ओढाताण म्हणजे तुमचा प्रश्न. एंट्रोपीच्या आकड्याला केल्विनमधल्या तापमानाने गुणायचं असतं, म्हणून तापमान चढत जाईल तसा त्याचा जोर वाढतो. ८५०० भागिले १५.५ केलं की ५४८ केल्विन येतात, म्हणजे २७५ अंश सेल्सिअस. तिथे दोन्ही बाजू बरोबरीत, मिश्रण निम्मं-निम्मं. त्याखाली आयसो जास्त, त्यावर एन-ब्यूटेन जास्त.

लेकीला हे करून बघू द्या:

२५ अंश: आयसो सुमारे ८३ टक्के
१०० अंश: ७१
१५० अंश: ६३ ते ६४
२०० अंश: ५७
२७५ अंश: ५०
५०० अंश: ३७

हे दोन्ही आकडे तापमानाबरोबर बदलत नाहीत असं धरून काढलंय. प्रत्यक्षात थोडे बदलतात, पण चित्र हेच राहतं.

---

शेवग्याची शेंग | बुधवार, सकाळी ७:१५

सर, छान समजलं. पण एंट्रोपी म्हणजे "अव्यवस्था" एवढंच आम्हाला शिकवलं होतं. दोन्ही रेणूंत चार कार्बन, दहा हायड्रोजन. एक जास्त अव्यवस्थित कसा काय?

---

परीक्षानळी | बुधवार, सकाळी ७:५०

"अव्यवस्था" हा शब्द मला अजिबात आवडत नाही, पोरं त्यातून पसारा आठवतात. गजरा आणि तिवई डोळ्यांपुढे आणा. गजरा टेबलावर टाकला की दर वेळी वेगळा पडतो: कधी सरळ, कधी इकडे वळलेला, कधी तिकडे. तिवई कशीही फिरवून ठेवा, तिवईच दिसते. एन-ब्यूटेन हा गजरा. मधल्या बंधाभोवती तो पिळतो आणि त्याची एक सरळ आणि दोन मुडपलेली अशी रूपं होतात. आयसोब्यूटेन ही तिवई, मधे एक कार्बन आणि तीन सारखे पाय. असण्याच्या वाटा गजऱ्याला जास्त. तापमान चढलं की ज्याला जास्त वाटा आहेत त्याच्याकडे रेणूंचा ओढा वाढतो.

कॉलेजला निघतो. बाकी संध्याकाळी.

---

पंत नागपूरकर | बुधवार, सकाळी ९:०५

गजरा-तिवई लय भारी. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक शंका मात्र आहेच. माझ्या जुन्या पुस्तकात याच समतोलाचा स्थिरांक (आयसो भागिले एन-ब्यूटेन) २५ अंशाला २.५ दिलाय. त्यावरून आयसो ७१ टक्के येतो. सरांच्या हिशोबात ८३. खरं कोणाचं?

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:२०

पंत, त्या २.५ वर आम्हीही गणितं सोडवली आहेत. तक्त्यांतल्या एनथाल्पी-एंट्रोपीवरून काढलं की स्थिरांक साडेचार ते पाचच्या मधे येतो. पण एक बघा, स्थिरांक हा घातांकातून निघतो. २५ अंशाला ऊर्जेच्या आकड्यात फक्त १ किलोज्यूलची चूक झाली तर स्थिरांक दीडपट चुकतो. ४.८ चा २.५ व्हायला १.६ किलोज्यूल पुरे. सरावाच्या गणिताला २.५ चालतो. प्लांट त्यावर चालवू नका.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. रिफायनरीत आयसोमरायझेशन (सरळ रेणूंना फांद्या पाडण्याच्या) युनिटवर आहे, कुठली ते सोडा.

आमच्याकडे येतो हलका नॅफ्था, म्हणजे पेट्रोलच्या जातीचं हलकं तेल, मुख्यतः पाच आणि सहा कार्बनवाले. सरळ साखळीचे रेणू इंजिनात ठोकतात, म्हणजे त्यांचं ऑक्टेन कमी असतं. एन-पेंटेनचं ६२ च्या आसपास, आयसोपेंटेनचं ९२. एन-हेक्झेन तर जेमतेम २५, आणि त्याच सहा कार्बनांची दोन फांद्यांची मांडणी केली, २,२-डायमिथिलब्यूटेन, की ९२. एक अणूही न वाढवता नुसत्या मांडणीवर ६७ गुण! पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० साली गेलं. पुढे बेंझीनवर १ टक्क्याची मर्यादा आली. रिफॉर्मेटमध्ये (पेट्रोलचा दुसरा एक घटक) ऑक्टेन भरपूर पण त्यात बेंझीनही येतं, तर आमच्या मालात बेंझीन नाहीच. म्हणून या युनिटला किंमत आली.

थंड का नाही करत, तर थंडीत अभिक्रिया हलतच नाही. ब्यूटेनचा सिलिंडर शंभर वर्षं ठेवलात तरी आपोआप आयसो होणार नाही. समतोल २५ अंशाला कितीही गोड असला तरी तिथपर्यंत नेणारं कोणी हवं, तो उत्प्रेरक. उत्प्रेरक जितका तिखट, तितक्या कमी तापमानाला काम होतं, आणि तापमान कमी म्हणजे आयसो जास्त. झिओलाइटचा उत्प्रेरक २५० च्या पुढे चालवावा लागतो. सल्फेटेड झिर्कोनिया साधारण २०० च्या अलीकडे-पलीकडे. क्लोरीन चढवलेल्या अ‍ॅल्युमिनावरचं प्लॅटिनम १२० ते १८० मध्ये चालतं. पण त्याचे लाड फार. पाण्याचा अंश आत शिरला की कायमचा मरतो, म्हणून फीड (आत येणारा कच्चा माल) आणि हायड्रोजन दोन्ही ड्रायरमधून कोरडे करून घ्यायचे आणि क्लोराइडचा डोस अखंड चालू ठेवायचा. हे सगळं सोसायचं ते फक्त शंभरेक अंश खाली चालवता यावं म्हणून.

---

अर्धवटराव | बुधवार, दुपारी २:४१

म्हणजे चांगला उत्प्रेरक टाकला की समतोल आयसोकडे सरकतो. आलं लक्षात.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:५८

नाही हो! १५० अंशाला मिश्रण जे व्हायचं तेच होणार, उत्प्रेरक कुठलाही असो. तो फक्त लवकर नेतो. तुम्हाला १५० ला काम करायची परवानगी देतो असं म्हणा.

मात्र उत्प्रेरक एखादी वाट उघडतच नाही, असंही होतं. निओपेंटेन घ्या, पाच कार्बनांतला सगळ्यांत गोल गरगरीत. कमी तापमानाच्या समतोलात त्याचा वाटा मोठा असायला हवा. पण आमचे उत्प्रेरक आम्लाच्या वाटेने काम करतात आणि त्या वाटेने तो बनतच नाही, मधला टप्पा फार अवघड पडतो. म्हणून आमच्या हिशोबात निओपेंटेन धरतच नाहीत.

---

कोकणी मिरची | बुधवार, सायंकाळी ६:३३

दाब वाढवून नाही का भागत? कुकरसारखं?

---

परीक्षानळी | बुधवार, सायंकाळी ७:०२

एका रेणूचा एकच रेणू होतो. दोन्हीकडे मोल तेवढेच, त्यामुळे दाबाने समतोल हलत नाही. अमोनियाची गोष्ट वेगळी, तिथे चारांचे दोन होतात.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ८:१०

दाब आम्हीही ठेवतो, हायड्रोजनसकट, पण त्याचं कारण वेगळं. उत्प्रेरकावर काजळी धरू नये म्हणून.

कँटीनमध्ये बसलोय, कंपनीच्या बसला अजून वेळ आहे, तर स्वतःच्या फजितीचा किस्सा सांगतो. रुजू होऊन सहा महिने झाले होते. आमच्याकडे "पिन" नावाचा आकडा बघतात. पाच कार्बनवाल्या पॅराफिनमध्ये आयसोपेंटेन किती टक्के, आणि सहा कार्बनवाल्यांमध्ये दोन्ही डायमिथिलब्यूटेन किती टक्के, त्यांची बेरीज. समजा ७५, ३० आणि १०, तर पिन ११५. पहाटे लॅबमधून सॅम्पलचा कागद आला, पिन उतरला होता. पॅनलवर मी एकटा, सिनियर चहाला. डोक्यात ताईंची डाळ. दोन्ही रिअ‍ॅक्टरची इनलेट (आत शिरतानाचं तापमान) चार-चार अंशांनी वाढवली. पुढच्या सॅम्पलला पिन आणखी उतरला. आणखी वाढवणार इतक्यात सिनियर आले, कागद बघितला, मला बाजूला सारलं आणि दुसऱ्या रिअ‍ॅक्टरची इनलेट सहा अंश खाली घेतली. दुपारपर्यंत पिन वर.

त्यांनी मग त्याच कागदाच्या पाठीवर डोंगर काढून दाखवला. आडवं तापमान, उभा पिन. डाव्या उतारावर थंडी असते, रेणू समतोलापर्यंत पोचतच नाहीत, तिथे आच वाढवली की फायदा. उजव्या उतारावर पोचतात सगळे, पण मुक्कामाचं ठिकाणच खाली गेलेलं असतं, तिथे आच वाढवणं म्हणजे तोटा. "तू कुठल्या उतारावर आहेस ते आधी बघ, मग व्हॉल्व्हला हात लाव," असं म्हणाले. तो कागद बरीच वर्षं लॉकरला चिकटवलेला होता.

त्या दिवशी झालं होतं असं की फीडमध्ये बेंझीन वाढलं होतं. बेंझीनवर हायड्रोजन चढताना मोलमागे दोनशेहून जास्त किलोज्यूल उष्णता निघते. त्यापुढे आयसोमरायझेशनची आठ-दहा म्हणजे किरकोळ. पहिला रिअ‍ॅक्टर त्यानेच तापला, दुसराही मागोमाग चढला, आणि आम्ही आधीच उजव्या उतारावर होतो. वर मी फुंकर मारली.

म्हणूनच रिअ‍ॅक्टर दोन असतात, एकामागे एक. पहिला जरा गरम, १५० च्या आसपास: वेग घ्या, बेंझीन संपवा. दुसरा थंड, १२५-१३० ला: वेग कमी चालेल, पण शेवटचा समतोल चांगला मिळू दे. आणि सगळ्यांत आधी मार बसतो तो २,२-डायमिथिलब्यूटेनला. फांद्या जास्त, गोळा घट्ट, म्हणजे सरांची तिवई. तापमान चढलं की पहिला तोच गळतो, आणि ऑक्टेन तर त्याच्यावरच.

---

शेवग्याची शेंग | बुधवार, रात्री ९:२६

काय सुंदर लिहिलंय. ते कागदाच्या पाठीवरचं चित्र पुस्तकात का नसतं?

(पुलेशु! म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा.)

---

रंगकाम | गुरुवार, सकाळी ६:४०

आमच्या भावकीतलं एक उलटं उदाहरण देतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तापमान सगळीकडेच एवढं नाचवतं.

मी बरीच वर्षं झायलीनवर काढली. झायलीनचे तीन समघटक (तेच अणू, मांडणी वेगळी): ऑर्थो, मेटा, पॅरा. बाजाराला हवा पॅरा, कारण त्यापासून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि त्यापासून पॉलिएस्टर. तुमच्या अंगातल्या शर्टाचं मूळ, पाण्याच्या बाटलीचंही. पाताळगंगेच्या काठी रसायनीच्या बाजूला हा उद्योग जुना आहे.

समतोलात पॅरा किती? साधारण पाव. मेटा अर्धा, ऑर्थो उरलेला पाव. आता तापमान हलवून पॅरा वाढवा बघू! नाही वाढत. तिघांच्या ऊर्जेत जेमतेम एक-दोन किलोज्यूलचा फरक आहे, म्हणून व्हांट हॉफच्या समीकरणाला धरायला काही मिळतच नाही. तिनशेला चालवा नाहीतर चारशेला, पॅरा २३-२४ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. तिथे तापमान फक्त वेगासाठी.

मग करायचं काय? पॅरा तेवढा काढून घ्यायचा, उरलेलं परत रिअ‍ॅक्टरमध्ये ढकलायचं. परत पाव होतो, परत काढायचा. काढणं मात्र जिवावर येतं. पॅराचा उत्कलनबिंदू १३८.३, मेटाचा १३९.१. एवढ्याशा फरकावर ऊर्ध्वपातन करायला बसलात तर टॉवर आभाळाला टेकेल. म्हणून एक तर शोषून घेणाऱ्या चाळण्या वापरायच्या, नाहीतर गोठवायचं. पॅरा १३ अंशालाच गोठतो, मेटा उणे ४८ ला. लॅबच्या फ्रिजमध्ये पॅराची बाटली कोणी विसरलं की सकाळी आत पांढरा दगड, आणि बाटली उलटी करून हसणारे आम्ही.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९:१२

रंगकाम काका, अगदी. आमच्याकडेही हीच युक्ती. समतोल एका फेरीत पुढे जाऊ देत नाही, म्हणून पुढे डीआयएचचा (डी-आयसोहेक्झॅनायझर) ऊर्ध्वपातनाचा टॉवर लावतात. न बदललेला एन-हेक्झेन आणि एकाच फांदीचे कमी ऑक्टेनवाले वेगळे काढून परत रिअ‍ॅक्टरला. एका फेरीत ८३-८४ ऑक्टेन मिळत असेल तर फिरवून ८७-८८ पर्यंत जातं. खर्च वाफेचा.

---

पंत नागपूरकर | गुरुवार, सकाळी ११:४८

अवांतर: ऑक्टेनच्या पट्टीवर आयसोऑक्टेन १०० आणि एन-हेप्टेन शून्य. सुरुवातीला तो एन-हेप्टेन अमेरिकेतल्या एका जातीच्या पाइनच्या डिंकातून काढत. झाड सरळ साखळीचा शुद्ध हेप्टेन बनवतं आणि माणसं तो "सगळ्यांत वाईट इंधन" म्हणून वापरतात. दुसऱ्या महायुद्धात १०० ऑक्टेनच्या विमान-इंधनासाठी आयसोब्यूटेन कमी पडायला लागला, तेव्हा याच ताईंच्या अभिक्रियेचे कारखाने उभे राहिले. तेव्हाचा उत्प्रेरक अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, तोही तिखट आणि कमी तापमानाचा.

---

गोधडी (धागाकर्ती) | गुरुवार, रात्री १०:०५

सगळ्यांना दंडवत. लेकीने संगणकावर आलेख काढला, २७५ ला रेघा बरोबर एकमेकींना छेदतात. ती वाचतेय आणि तिचे दोन प्रश्न आहेत. एक: २७५ ला निम्मं-निम्मं झालं की काम थांबतं का? दोन: रात्रपाळी काका आता तापमान कमीच करत राहतात का?

आणि हो, हरले. आज भाजी तिने परतली.

---

परीक्षानळी | गुरुवार, रात्री १०:४०

पहिल्याचं उत्तर: थांबत नाही. ये-जा चालूच, फक्त जेवढे जातात तेवढे येतात. २७५ मध्ये तसं खास काही नाही. ८३-१७ ला समतोल असतो तेव्हाही दोन्ही दिशांचे वेग सारखेच असतात. "समतोल म्हणजे निम्मं-निम्मं" ही चूक परीक्षेत करू नको, बाळ.

---

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ५:५२

दुसऱ्याचं उत्तर पॅनलवरूनच देतो. आत्ताच कागद आला, पिन दीडाने खाली. बेंझीन बघितलं, ठीक आहे. तापमानं जागेवर. दुसऱ्या रिअ‍ॅक्टरच्या वरच्या थरात मात्र उष्णता पूर्वीसारखी निघत नाहीये, काम खालच्या थरात सरकलंय. म्हणजे उत्प्रेरक थकलाय आणि आम्ही डाव्या उतारावर आलोय.

तेव्हा आज दोन अंश वाढवतोय, लेकीला सांगा. म्हाताऱ्या उत्प्रेरकाचा डोंगर उजवीकडे सरकतो, आणि माथाही ठेंगणा होतो. पुढचं सॅम्पल दहाला.